मुठीतले कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे, म्हणजे होतो, असे म्हणायला हवे. माझी पोलादी दांडी कापलेली आहे आणि एका किल्लीवाल्याच्या पत्र्याच्या डब्यात, माझ्यासारख्याच मोडक्या मंडळींच्या दाटीत मी पडून असतो. मित्रांनो, कुलपाने आपली हकीकत सांगावी हे जरा विचित्रच. आमचे सगळे आयुष्य तोंड मिटून बसण्यात जाते. पण एका मुलीबद्दल मला तुम्हाला सांगायचे आहे. तिचा आणि माझा संबंध दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही एकमेकांचे मित्र होतो. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी तिचा तुरुंग होतो.

एका लहानशा कारखान्यात मी घडलो. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पोटात सहा खटके बसवले. खटका म्हणजे किल्ली फिरली की वर उचलली जाणारी पितळेची पातळ पट्टी. सहाही पट्ट्या बरोबर उंचीवर आल्या तरच आमची दांडी सुटते. एक जरी हटून बसली तरी काम अडले. त्या कारागिराने कानशीने किल्लीचे दात घासले, मला कानाशी धरून किल्ली फिरवली, आणि माझा ‘खट्ट’ असा आवाज ऐकून शेजारच्याला तो म्हणाला, “हे कुलूप कुणाच्या बापाला फोडता यायचं नाही!” मी तेव्हाच फुशारलो. कुलपाला याहून मोठी शाबासकी नाही.

मला एका घड्याळजीने घेतले. त्याचे दुकान म्हणजे भिंतीत कोरलेले एक कपाटच. तो आत बसला की दुसऱ्याला उभे राहायला जागा नसे. संध्याकाळी तो फळ्या लावायचा, मला अडकवायचा आणि दोनदा ओढून बघायचा. त्याची मुलगी चारएक वर्षांची झाली तेव्हापासून हे काम तिच्याकडे गेले. घड्याळजी तिला खांद्यावर घ्यायचा आणि ती दोन्ही तळहातांनी मला दाबायची. माझ्याआधी तीच ओरडायची, “खट्ट!” मग घड्याळजी गंभीरपणे विचारायचा, “लागलं का हो मालकीणबाई?” आणि मालकीणबाई म्हणायच्या, “लागलं. चला घरी.”

माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले दिवस ते.

मग घड्याळजीच्या छातीत दुखू लागले. दुकान आधी दुपारनंतर बंद राहू लागले, नंतर दिवसदिवस, आणि एका हिवाळ्यात घड्याळजी गेला. दुकान दुसऱ्या कुणाकडे गेले. त्याच्या बायकोने हत्यारांची पेटी आणि मी, एवढेच घरी नेले. मला तिने स्वयंपाकघराच्या खणात ठेवले. तिथे चमचे, झारा आणि एक तुटकी चाळणी यांच्या संगतीत मी दीड वर्ष काढले. चमच्यांना दिवसातून दोनदा बाहेरची हवा मिळे. मला नाही.

घड्याळजीच्या बायकोला, म्हणजे मुलीच्या आईला, इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम मिळाले होते. वाफेच्या मोठमोठ्या रुळांतून चादरी काढायच्या आणि घड्या घालायच्या. पाळी दुपारी एक ते साडेसात. मुलीची शाळा सकाळची. आई तिला शाळेतून आणायची, जेवायला घालायची आणि कामावर पळायची. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. “कुठं जाऊ नकोस हं,” एवढे सांगितले की पुरेसे असते, असे आईला वाटत होते.

एका दुपारी मुलगी आईला भेटायला म्हणून निघाली. आई ज्या बसने जाते त्या बसमध्ये चढली, पण ती बस उलट्या दिशेची होती. रात्री दहाच्या सुमारास ती सापडली. गावाबाहेरच्या बसडेपोत एका बाकावर बसून ती कंडक्टरने दिलेली बिस्किटे खात होती. आई तिला घेऊन घरी आली. ओरडली नाही, रडली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, खण उघडला, चमचे बाजूला सारले आणि मला बाहेर काढले.

मला वाटले, पुन्हा दुकान!

“आई, बाबांचं कुलूप कशाला?” मुलीने विचारले.

“उद्यापासून दाराला.”

“पण मी तर आतच असणार ना?”

“म्हणूनच,” आई म्हणाली.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी दुपारी आईने दार ओढले, कडी घातली आणि मला लावले. आतून कुणीही ‘खट्ट’ म्हटले नाही.

ती खोली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला होती. तिला एक खिडकी होती, पण खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून गेलेले सांडपाण्याचे नळ. मी बाहेर लटकत असलो तरी आतले सगळे मला ऐकू येई. खिडकीपासून दारापर्यंत तिची बारा पावले होत. ती बारा पावले येई, थांबे, बारा पावले परत जाई. खुर्ची ओढल्याचा आवाज. नळ सोडल्याचा आवाज. नळ बंद केल्याचा. सुरुवातीला ती स्वतःशी बोलायची, पाढे म्हणायची, बाहुलीला रागवायची. पुढेपुढे तेही थांबले.

इमारतीतली मुले शाळेतून आली की मला धरून खडखडवायची. “आत कोण आहे?” एक विचारायचा. बाकीचे ओरडायचे, “कुलूपवाली!” आणि धूम पळायचे. पहिल्या दिवशी तिने आतून आपले खरे नाव सांगितले होते. तिसऱ्या दिवसानंतर तिने उत्तर देणे सोडले. शाळेतही तिला सगळे तेच म्हणू लागले. मी दुकानावर होतो तेव्हा मला चोरांची भीती वाटायची. या दारावर मला त्या बारा पावलांची भीती वाटू लागली. ती दाराशी येऊन थांबली की मला वाटे, आता ही मला काहीतरी विचारणार. ती कधीच काही विचारत नसे, फक्त दाराला पाठ टेकून खाली बसे.

समोरच्या खोलीत एक बाई एकट्या राहत. जवळच्या सिनेमागृहात त्यांनी चाळीस वर्षे तिकिटाच्या खिडकीमागे काढली होती, म्हणून सगळे त्यांना ‘खिडकीवाल्या बाई’ म्हणत. इतकी वर्षे गर्दीचा आरडाओरडा ऐकून त्यांच्या कानांनी संप पुकारला होता. डाव्या कानाने काहीच ऐकू येत नसे आणि उजव्याने मर्जी असेल तेव्हा. आईने माझी दुसरी किल्ली त्यांच्याकडे ठेवायला दिली होती. “आग लागली, काही झालं, तर पोरीला बाहेर काढा,” असे तिने दोनदा मोठ्याने सांगितले होते.

एका मंगळवारी दुपारी बाई छत्री आणि पिशवी घेऊन निघाल्या आणि आमच्या दारासमोर थबकल्या. दाराखालच्या फटीतून चार लहान बोटे बाहेर आली होती. व्हरांड्यात उन्हाची एक तिरीप पडली होती, तिथपर्यंत पोहोचायचा त्या बोटांचा प्रयत्न चालला होता. बाई खाली वाकल्या. बोटे चटकन आत गेली. बाई आपल्या खोलीत परतल्या, किल्ली घेऊन आल्या आणि मला उघडले.

“काय करत होतीस गं?”

“काही नाही.”

“आँ? मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही.”

“काही नाही!” मुलगी एवढ्या मोठ्याने ओरडली की दोन दारे उघडून बायका बघायला आल्या. कित्येक दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“काही करत नाहीस तर चल माझ्याबरोबर,” बाई म्हणाल्या. “मी सिनेमाला चाललेय. चित्रं दिसतात मला, पण ती माणसं बोलतात काय ते कळत नाही. तू माझ्या उजव्या कानात सांगायचं.”

“आई रागावेल.”

“आई येते आठला, सिनेमा सुटतो सहाला. आणि आग लागली तर काढा, असं तीच म्हणाली होती. लागली म्हणायची!”

बाईंनी दाराला नुसती कडी घातली आणि त्या मला लावायला गेल्या. तेवढ्यात मुलीने मला त्यांच्या हातातून काढून घेतले.

“हे मी घेते.”

“तुला काय करायचंय त्याचं?”

“माझ्या हातात असलं की कुणाला लावता येत नाही,” ती म्हणाली.

बाईंना ते ऐकू आले की नाही, कोण जाणे. त्यांनी कडी ओढून पाहिली आणि तिचा हात धरला.

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा सिनेमागृहात गेलो, ते एका सात वर्षांच्या मुलीच्या मुठीत. मी तिच्या मुठीत मावतही नव्हतो. तिने मला दोन्ही हातांनी पोटाशी धरले होते. दारावरचा माणूस बाईंना बघून उठून उभा राहिला. “बाईंना तिकीट विचारलं तर जीभ झडेल माझी,” असे म्हणून त्याने पडदा बाजूला केला. आत वेताच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या, जमीन पडद्याकडे उतरती होती. मुलीने जागा स्वतः निवडली. भिंतीकडची, जिथून बाजूच्या दारावरची लाल अक्षरे दिसत होती. ‘बाहेर’, एवढाच शब्द.

दिवे मालवले तेव्हा तिने मला घट्ट आवळले. मग पडदा उजळला आणि तिने श्वास सोडला.

तो सिनेमा एका डोंबारणीचा होता. तिचा धाकटा भाऊ एका गाडीवाल्याबरोबर निघून जातो आणि ती दोरावरून चालण्याचे खेळ करत गावोगाव त्याला शोधत फिरते. मुलगी गुडघ्यांवर उभी राहून बाईंच्या कानात सांगत होती, “ती म्हणाली, मी त्याला घेतल्याशिवाय घरी जाणार नाही.”

“कोण म्हणाली?”

“लाल झगेवाली!”

“अहो, हळू!” पुढच्या रांगेतला एक माणूस वळून म्हणाला.

“तुला ऐकू येतंय ना? मग गप बस की!” बाई म्हणाल्या, आणि आजूबाजूचे पाचपन्नास लोक हसले. मुलगीही हसली. लोकांत मिसळलेले तिचे हसू मी तेव्हा ऐकले. तिथे तिला कुणी कुलूपवाली म्हणत नव्हते. अंधारात सगळ्यांचे चेहरे सारखेच निळसर दिसत होते, आणि ती कुणाची कोण, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

परत आल्यावर ती आपण होऊन खोलीत गेली आणि मला बाईंच्या हातात दिले. बाईंनी मला लावले. मित्रांनो, त्या दिवसाइतका जड मी कधीच झालो नव्हतो.

त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही तिघे सिनेमाला जाऊ लागलो. मधल्या दिवशी ती बंद खोलीत सगळा सिनेमा करून बघायची. बारा पावले आता दोर झाली होती. ती त्यांच्यावरून तोल सावरत चालायची आणि धपकन पडायची. खुर्ची कधी गाडी व्हायची, कधी न्यायाधीश. दार मात्र दारच राही. कितीही रंगात आली तरी संध्याकाळी ती माझ्या मागच्या बाजूला येऊन गप्प बसे. आई आल्यावर विचारायची, “काय केलंस दिवसभर?” आणि मुलगी म्हणायची, “काही नाही.” आईला खोटे सांगताना तिचा आवाज अगदी बारीक व्हायचा. आईचे पाय सुजलेले असत. मुलीचा बदललेला आवाज तिच्या लक्षात येत नसे.

हे तीन महिने चालले. मग तो शुक्रवार आला.

सिनेमात सगळे एकदम टाळ्या वाजवू लागले, तशी तिनेही वाजवल्या. मी तिच्या मांडीवरून घसरलो, उतरत्या जमिनीवरून खडखडत पुढे गेलो आणि कुणाच्या तरी पायाशी आडव्या झालेल्या बाटलीजवळ थांबलो. बाटलीतले लालभडक गोड पाणी माझ्या किल्लीच्या भोकात शिरले. सिनेमा संपल्यावर दिवे लागले. मुलगी रांगारांगांतून रांगत मला शोधत होती. तोंडाने एकच चालले होते, “ते हरवलं तर आई मारेल, ते बाबांचं आहे.” शेवटी झाडूवाल्याने मला पहिल्या रांगेखालून ओढून काढले. “कुणाच्या तिजोरीचं आहे हो हे?” त्याने थट्टेने विचारले. कुणी हसले नाही. उशीर बराच झाला होता.

नेमकी त्याच दिवशी धुलाईखान्यात वाफेची नळी फुटली आणि सगळ्यांना लवकर घरी पाठवले. आई वर आली तर दाराला नुसती कडी, मी नाही, आणि आत मुलगी नाही. ती तशीच उलटी धावली. आधी बसडेपोत गेली, मग शाळेत, मग पुन्हा बसडेपोत. आम्ही जिना चढत होतो तेव्हा ती मागून आली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती.

तिने मुलीला थोबाडीत मारली. मी मुलीच्या हातातच होतो. मारतानाचा झटका मला लागला. मग आईने तिची बोटे एकेक करून उलगडली आणि मला काढून घेतले.

“मी तुम्हाला किल्ली पोरीचा जीव वाचवायला दिली होती,” ती बाईंना म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण त्या दिवशी बाईंना ऐकू आले.

“तेच करत होते मी,” बाई म्हणाल्या.

आईने तळहात पुढे केला. बाईंनी पदराच्या गाठीतून किल्ली सोडली आणि त्यावर ठेवली.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. खोलीतली पावले थांबली. मुलगी शाळेतून यायची, दोन घास खायची, दार लागले की त्याला पाठ लावून बसायची आणि आठपर्यंत तशीच राहायची. दिवासुद्धा लावत नसे. आई आली की उठून बाजूला व्हायची, एवढेच. “अजून फुगलीच आहेस का?” आई विचारायची. मुलगी फुगलेली नव्हती. ती आत कुठेतरी निघून गेली होती, आणि तिथे कुणी जाऊ शकत नव्हते.

बाईंनी मात्र हार मानली नाही. मंगळवारी त्या एकट्या सिनेमाला गेल्या आणि आल्यावर व्हरांड्यात स्टूल टाकून माझ्यासमोर बसल्या. “ऐक गं!” त्या दारावर ओरडल्या. “आज एक जहाज होतं. त्यावर एक कप्तान होता. त्याची बायको, किंवा बहीण असेल, मला कळलं नाही, ती त्याला काहीतरी म्हणाली आणि तो ढसाढसा रडला. मग जहाज बुडालं. किंवा बुडालं नसेल, पाणी खूप होतं एवढं खरं. शेवटी सगळे नाचले. का नाचले ते देवाला ठाऊक!” इमारतीतली मुले पोट धरून हसत होती. आतून आवाज आला नाही. मुलीने काही म्हटले असते तरी बाईंना ते ऐकू आले नसते, आणि हे दोघींनाही माहीत होते. तरी बाई प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी आल्या.

इकडे माझ्या पोटात ते गोड पाणी सुकून चिकट झाले होते. चौथा खटका उचलायला कुरकुरू लागला, मग पाचवा. किल्ली फिरवताना आईच्या अंगठ्याला वळ उठायचे. एक थेंब तेल घातले असते तर मी सुटलो असतो. पण कामावरून आलेल्या दमलेल्या बाईला कुलपाला तेल घालायचे कुठून सुचणार? ती दात-ओठ खाऊन किल्ली फिरवायची आणि मी कसाबसा उघडायचो.

एकदा आईला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. ती चार वाजताच आली, किल्ली घातली आणि फिरवली. किल्ली अर्धी फिरली. तिने जोर केला. कट्‌ असा आवाज झाला आणि किल्लीचे डोके तिच्या हातात आले. दातांचा तुकडा माझ्या पोटात राहिला.

मी मुद्दाम केले का? मित्रांनो, कुलूप मुद्दाम काही करत नाही. आम्हाला तेवढी मोकळीक नसते.

आईने मला ओढले, हिसडले, शेजारणीकडून आणलेल्या बत्त्याने ठोकले. दुसरी किल्लीही काही कामाची नव्हती, भोक आतून बुजले होते. “बाळा, घाबरू नकोस हं!” ती दारावर ओरडली. “मी काढते तुला! घाबरू नकोस!”

दारामागून अगदी जवळून आवाज आला. “मी नाही घाबरले. मला सवय आहे.”

आई जागच्या जागी थांबली. तिने बत्ता खाली ठेवला.

गडबड बघून बाई बाहेर आल्या. किल्लीचे डोके बघून त्यांना सगळे कळले. “किल्लीवाल्याला आणते,” म्हणून त्या छत्री टेकत जिना उतरल्या. थोड्या वेळाने निरोप आला की किल्लीवाला दुसऱ्या टोकाला कामावर गेलाय, आला की पहिल्यांदा इकडेच येईल. बाई तिथेच त्याची वाट बघत बसल्या आहेत.

मग करण्यासारखे काही उरले नाही. आई दाराला पाठ टेकून खाली बसली. आतून मुलगी तशीच बसली होती. मध्ये बोटभर जाडीची फळी, आणि वर मी.

“आई, तू काय करतेस?”

“बसलेय.”

“एकटीच?”

“हो गं.”

मुलगी म्हणाली, “तुला कंटाळा येईल. पहिली दहा मिनिटं काही वाटत नाही, नंतर येतो. तुला सिनेमा सांगू का?”

आईने तोंडावर हात ठेवला होता. “सांग,” ती म्हणाली.

मुलीने डोंबारणीचा सिनेमा सांगितला. पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. दोरावरून चालताना तिचा आवाज हळू झाला, गाडीवाल्याचा आवाज तिने जाड काढला. डोंबारीण वाटेत आजारी पडते तिथे आई म्हणाली, “मग?” मुलगी पुढे सांगू लागली. आई पुन्हा म्हणाली, “मग?” त्या खोलीच्या दाराशी कितीतरी लोक येऊन गेले होते, पण हा शब्द तिथे कुणी उच्चारला नव्हता. मुलीचा आवाज चढत गेला. ती उठून बारा पावले इकडून तिकडे करू लागली. सिनेमातली बहीण एका जत्रेत दोरावर उभी असताना गर्दीत भाऊ दिसतो, तो आता मोठा झालाय, आणि तो तिला ओळखत नाही.

“अगं बाई! मग?”

“मग ती वरूनच त्याला लहानपणीच्या नावानं हाक मारते. आणि तो येतो.”

आईने डोळे पुसले. “एवढं सगळं तू कानात सांगायचीस बाईंना?”

“हो. पण हळू नाही सांगता यायचं.”

“तुला आवडायचं तिथं?”

“हो. तिथं अंधार असतो, पण दाराला कुलूप नसतं. दारावर लाल अक्षरात ‘बाहेर’ लिहिलेलं असतं. मी आधी ते बघायची, मग सिनेमा बघायची. आणि सगळे हसले की मी पण हसायची. इथं हसलं तर कुणाला कळतच नाही.”

मग आईने बसडेपोची गोष्ट सांगितली. त्या दिवशी तू दिसेना तेव्हा मी काय काय मनात आणलं, कुणाकुणाच्या पाया पडले, तुझ्या बाबांवर कशी ओरडले, ते तर नव्हतेच तरीही. “माझ्याकडं तू एवढीच उरलीस,” ती म्हणाली. “म्हणून मी तुला ठेवून दिलं. बाबांची हत्यारं ठेवलीत ना पेटीत, तसं.”

“हत्यारांना कंटाळा येत नाही,” मुलगी म्हणाली.

“नाही,” आई म्हणाली. तिने दाराखालच्या फटीत बोटे घातली. आतून चार बोटे आली आणि तिच्या बोटांना लागली.

सहाच्या सुमारास किल्लीवाला आला. त्याने मला उलटसुलट पाहिले, भोकात तार घातली, मान हलवली. “आतून सगळं चिकटलंय. कापावं लागेल. पण कुलूप फार चांगलं आहे हो, सहा खटक्यांचं. जिवावर येतं कापायला. उद्या निवांत काढलं तर कदाचित…”

“कापा,” आई म्हणाली.

करवतीचे पाते माझ्या दांडीवर चालू लागले. मला दुखले नाही असे मी म्हणणार नाही. मला फोडता यायचे नाही म्हणून ज्याने शाबासकी दिली होती, तो म्हातारा कारागीर मला आठवला. पण दांडी तुटली आणि दार आतून ढकलले गेले तेव्हा मी जमिनीवर पडून दोघींकडे बघत होतो. त्यांना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. ते बरे झाले.

आईची नोकरी दुसऱ्या दिवशी होतीच. पाळी बदलून मिळाली नाही, पायांची सूजही उतरली नाही. सगळे एकदम छान झाले, असे मी सांगितले तर ते खोटे होईल. पण मुलगी आता शाळेतून आली की बाईंच्या खोलीत जाते. तिथल्या दाराला आतून कडी आहे आणि ती कडी तिच्या हाताला पुरते. हे मला किल्लीवाल्याच्या बोलण्यातून कळले. त्याने मला मोडीत घातले नाही. त्याची बैठक सिनेमागृहाच्या फाटकाशेजारी आहे, त्यामुळे आईच्या सुट्टीच्या दिवशी त्या तिघी डब्याच्या काठावरून मला दिसतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा सिनेमा सुटल्यावर मुलगी तावातावाने सांगत होती, “आई अख्खा वेळ झोपली! मी दोघींना सांगत होते आणि ही घोरत होती!” आई ओशाळून हसत होती. “किती दिवसांनी इतकी गाढ झोप लागली,” ती बाईंना म्हणाली. बाईंना ऐकू आले नाही. त्या म्हणाल्या, “हो, मलाही शेवट कळला नाही.”

मी मात्र आता डब्यातून सुटणार नाही. माझे तीन खटके किल्लीवाल्याने काढून दुसऱ्या कुलपांना बसवले आहेत. परवा एक माणूस मजबूत कुलूप मागायला आला. “घरात पोरगं एकटं असतं,” तो म्हणाला. किल्लीवाल्याने त्याला दुरुस्त करून चकचकीत केलेले एक कुलूप दाखवले. त्याच्या पोटात माझाच एक खटका होता. मी ओरडलो असतो, पण ओरडायचे कशाने?

म्हणून तुम्हाला सांगतो आहे, मित्रांनो. आम्हाला दुकानांना लावा, पेट्यांना लावा, सायकलींना लावा, आणि अधूनमधून तेल घाला. माणसांवर मात्र आम्हाला राखण बसवू नका. आम्हाला ते काम जमत नाही. आम्हाला फक्त बंद करता येते. आणि तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर एखादे दार बाहेरून बंद असेल, आणि आतून कुणी चालल्याचा आवाज आला, तर ते खडखडवून पळू नका. उघडता आले नाही तरी चालेल. दाराशी जरा बसा.